एका भाकरीत तीन किलोमीटर

प्रगती आधी बातमीत येते आणि मग, सवड झाल्यास, गावात. हा क्रम कधी उलटल्याचं आमच्या पाहण्यात नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर तो इतक्या काटेकोरपणे पाळला जातो, की एखादी गाडी अजून कारखान्यात जन्मालाही आलेली नसते आणि तिच्या सुधारित आवृत्तीची बातमी आमच्याकडे छापून जुनी झालेली असते.

आमच्याकडे म्हणजे 'स्वच्छचाक'कडे. स्वच्छ तंत्रज्ञान आणि विद्युत वाहनं यांना वाहिलेलं हे मराठीतलं आघाडीचं संकेतस्थळ. (आघाडीचं हे आम्हीच ठरवलं. दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता.) कचेरी मारुंजीत, एका हार्डवेअरच्या दुकानावर. खाली दिवसभर टेम्पोतून सिमेंट उतरत असतं, त्यामुळे स्वच्छ हवेविषयीची आमची तळमळ कायम ताजी राहते. मी संपादक आहे. माझ्या हाताखाली दिशा नावाची बातमीदार आहे. तिच्या हाताखाली कोणी नाही, म्हणून टंकलेखन, छायाचित्रं आणि चहा हे विभाग तीच सांभाळते.

बातमी तयार करण्याची आमची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. कंपनीकडून पत्रक येतं. त्यात 'क्रांतिकारी' हा शब्द किती वेळा आला आहे ते आम्ही बारकाईने तपासतो आणि कमी पडल्यास पदरची भर घालतो. गाडी चालवून पाहायची नाही असा दंडक आहे, कारण चालवून पाहिल्याने मत कलुषित होतं. वाचकही बातमी उघडून पाहत नाहीत, मथळा वाचतात आणि पुढे पाठवतात. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी संपूर्ण निःपक्षपातीपणा राखला जातो. प्रत्येक गाडीला तेच रकाने: रेंज, बॅटरी, चार्जिंग, आसनव्यवस्था, सुरक्षा, मालकी, निष्कर्ष. निष्कर्ष एकच आहे, 'भविष्य इथेच आहे', आणि तो बदलण्याची वेळ आजवर कुठल्याही गाडीने आमच्यावर आणलेली नाही.

यंदा पावसाळा ओसरताना दिशाला मी ताम्हिणी घाटात धाडलं. एका नव्या विजेरी गाडीचं धुक्यातलं छायाचित्र हवं होतं. (धुक्यात कुठलीही गाडी स्वच्छ दिसते.) धुकं यायला वेळ होता म्हणून ती रस्त्याकडेच्या इलाहीभाईंच्या ढाब्यावर थांबली. इलाहीभाई म्हणजे साठीचे गृहस्थ. ढाबा त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा, रहिमतबींचा. दारात एक जुना डिझेलचा टेम्पो असतो. तो आठवड्याचा बाजार, गॅसच्या टाक्या, नवरदेव आणि आजारी माणसं सारख्याच आपुलकीने पौडपर्यंत नेतो.

दिशा चहा पीत असताना डोंगरातल्या पायवाटेवरून चार माणसं उतरली. त्यांच्या खांद्यावर लांब बांबू, बांबूला घोंगडीची झोळी, आणि झोळीत एक म्हातारी. या गोजराबाई. वर कारवीदांड नावाच्या वस्तीत राहतात. शेवाळावरून घसरून त्यांचा पाय मोडला होता. बांबूचं पुढचं टोक त्यांचा मुलगा भैरू याच्या खांद्यावर होतं. झोळी अलगद खाली ठेवून गोजराबाईंना टेम्पोत निजवलं आणि टेम्पो पौडच्या दवाखान्याकडे निघाला.

टेम्पो परत आल्यावर, हा काय प्रकार, असं दिशाने विचारलं. इलाहीभाईंनी सांगितलं, वर रस्ता नाही, म्हणून अडलंनडलं माणूस असंच खाली येतं. तिने सवयीने विचारलं, की वस्तीत वाहनं किती. इलाहीभाई विचार करून म्हणाले, "चाक म्हनशील तर जातं हाय एकाच्या घरी. त्ये बी आता फिरत न्हाई."

दिशाने टिपून घेतलं: वाहनं शून्य, पेट्रोल शून्य, डिझेल शून्य, धूर चुलीपुरता.

कचेरीत परत आल्यावर तिने ते टिपण माझ्यापुढे ठेवलं. ही बातमी आपली आहे का, असं तिने मला विचारलं. त्या म्हातारीला दुखत होतं, असंही म्हणाली. मी तिला शांतपणे समजावलं, की दुखणं हा विभाग आपल्या संकेतस्थळावर नाही. जगातले मोठमोठे देश पुढच्या काही दशकांत शून्य उत्सर्जन गाठण्याच्या शपथा घेत असताना मुळशी तालुक्यातल्या सतरा घरांच्या वस्तीने ते कोणालाही न सांगता आधीच गाठलं होतं. अशी बातमी सोडणं पाप ठरलं असतं. रकाने तयार होतेच. पुढील परीक्षण मी स्वतः लिहिलं:

रेंज: एका भाकरीत तीन किलोमीटर, म्हणजे वस्तीपासून ढाब्यापर्यंत. सोबत भाजीचं कोरड्यास असल्यास थोडी अधिक. चढावर चालकदल आपसात बोलत नाही, ही ऊर्जाबचतीची अंगभूत सोय आहे.

बॅटरी: चार, दोन पुढे आणि दोन मागे. तापतात, पण पेट घेत नाहीत. (भैरू या बॅटरीने एकदा पेट घेतल्याची नोंद आहे, पण ती ग्रामसभेत, रस्त्याचा विषय निघाला तेव्हा.)

चार्जिंग: जलद. घरोघरी केंद्र, वायर लागत नाही. पिठलं-भाकरीवर पूर्ण, कोऱ्या चहावर तात्पुरतं.

आसनव्यवस्था: एक, निजून. छत संपूर्ण उघडं. आभाळाचं अखंड दर्शन, जे महागड्या गाड्यांत जादा पैसे मोजून मिळतं.

सुरक्षा: पुढे एक माणूस 'दगड', 'पानी', 'वाकून' असं ओरडत चालतो. चालकाला सावध करणारी ही प्रणाली पावसातही बंद पडत नाही.

मालकी: सामुदायिक. वस्तीत खांद्याची पाळी असते आणि नियम एकच आहे: वस्तीच्या कामात ज्याचा शब्द, झोळीला त्याचा खांदा. नोकरीला शहरात गेलेला आणि गणपतीला येऊन फक्त मत मांडणारा चुलत भाऊदेखील यातून सुटत नाही.

निष्कर्ष: भविष्य इथेच आहे.

मालकीचा रकाना दिशाने इलाहीभाईंना फोन करून मिळवला होता. तो कोणी वाचणार नाही अशी माझी खात्री होती, आणि ती खरी ठरली. मथळा दिला, 'एका भाकरीत तीन किलोमीटर! मुळशीतल्या या वस्तीने पेट्रोलला केला कायमचा रामराम'. कारवीदांडला रस्ता नाही, असं एक वाक्य दिशाने मध्येच घातलं होतं. ते मोबाईलच्या पडद्यावर दोन ओळी खात होतं म्हणून काढावं लागलं.

बातमीने धुमाकूळ घातला. इतर संकेतस्थळांनी ती आमच्याकडून घेतली, मग आम्ही ती त्यांच्याकडून परत घेतली आणि 'अनेक माध्यमांनी दखल घेतलेली' असं वर लावलं. एका इंग्रजी संकेतस्थळाने भाकरीचं वर्णन 'स्थानिक जैवइंधन' असं केलं. एका तज्ज्ञाने नाचणीची भाकरी ज्वारीपेक्षा अधिक घनतेची असल्याचं आलेखासह दाखवून दिलं. मुठा खोऱ्यात शनिवार-रविवारची घरं असलेल्या मंडळींनी डोंगरातली शांतता जपण्याविषयी अत्यंत कळकळीचे अभिप्राय पाठवले. त्यांच्या मागे सोसायट्यांचे ग्रुप, ग्रुपांच्या मागे मावश्या आणि मावश्यांच्या मागे परदेशातले भाचे.

आणि अशा ऐन बहरात कारवीदांडला रस्ता मंजूर झाल्याचं कानावर आलं.

मंजुरी खरं तर आधीचीच होती. पांढऱ्या फक्कीने आखणी झाली होती. एक जेसीबी येऊन इलाहीभाईंच्या ढाब्यापाशी उभाही राहिला होता. आधी कच्ची वाट काढायची, टेम्पो वस्तीपर्यंत चढला की पुढचं पुढे, असा बेत होता. वस्तीतल्या बायाबापड्यांनी त्या जेसीबीला हळदकुंकू वाहिलं होतं. आम्हाला हे फार उशिरा कळलं. जगातल्या एकमेव शून्य उत्सर्जन वस्तीत डिझेलचा टेम्पो! आम्ही तातडीने 'हरित गावावर रस्त्याचं संकट' ही लेखमाला सुरू केली आणि तिच्याखाली सह्यांची मोहीम उघडली. एक चौकोन होता. त्यात टिचकी मारायची, नाव आणि मोबाईल नंबर टाकायचा, खाली वाक्य आपोआप उमटायचं: 'कारवीदांडच्या हरित वाहतुकीला माझा शब्द'.

अकरा हजारांवर लोकांनी शब्द दिला. आमच्या पाहणीनुसार त्यातल्या बासष्ट टक्के सह्या हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत, स्वतःच्या गाडीत एकट्याने बसून, एसी लावून करण्यात आल्या. निसर्गाची ओढ माणसाला कुठे गाठेल सांगता येत नाही. पहिली सही माझी होती.

संबंधित कार्यालयाने (नाव देण्यास संबंधित कार्यालयाची संमती मिळालेली नाही) लोकभावनेचा आदर करून काम स्थगित केलं. एरवी जे कार्यालय रस्त्याखालच्या एका मोरीचा निर्णय घ्यायला दोन पावसाळे घेतं, त्याने हा निर्णय चहा निवायच्या आत घेतला. जेसीबी परत गेला. तो डिझेलवर चालत असल्याने त्याचं परत जाणं हीच आमच्या चळवळीची पहिली प्रत्यक्ष कार्बनबचत ठरली, आणि तसा मथळाही आम्ही दिला.

आता एवढं झाल्यावर वस्तीचा सत्कार करणं ओघानेच आलं. मानपत्र चौकटीत बसवून मी आणि दिशा एका कंपनीने दिलेल्या विजेरी गाडीतून निघालो. ढाब्यावर इलाहीभाईंनी चहा दिला. एरवी बोलके गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी मानपत्र हातात घेऊन नुसतं पाहिलं आणि तेलकट बोट लागू नये म्हणून परत दिलं. मग आम्ही चढू लागलो. माझी स्वतःची रेंज अर्ध्या भाकरीच्या आसपास निघाली. त्यानंतर मानपत्र दिशाने घेतलं, आणि थोड्या वेळाने माझी पिशवीही तिनेच घेतली.

गोजराबाई ओट्यावर बसल्या होत्या. प्लास्टरचा पाय समोर भाताच्या पोत्यावर ठेवला होता. नातसून पिंकी कोरा चहा घेऊन आली. भैरू दाराला टेकून उभा होता. मी मानपत्र वाचून दाखवलं. त्यात 'पृथ्वीमातेची लेक' असा त्यांचा उल्लेख होता. वाचून झाल्यावर टाळ्यांसाठी थांबलो. कोंबडं आरवलं.

गोजराबाईंनी विचारलं, "रस्ता कुनी आडवला?"

मी म्हणालो, आडवला असं नव्हे, लोकभावना होती. मग मी त्यांना उत्सर्जन, पृथ्वीचं वाढतं तापमान आणि भाकरीचं त्यातलं स्थान समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्ये पलास्टर काढाया खाली जायाचंय मला. भैरूला मी सांगून ठिवलं व्हतं, औंदा इलाहीच्या टेंपोत म्होरं बसून जाईन, खिडकीतनं बघत. लई दिवसांत खालचं कायबी बघितलं न्हाई. झोळीत आभाळ सोडून मानसाला काय दिसतं?"

पिंकीने पायाखालचं पोतं सारखं केलं. त्याच पुढे म्हणाल्या, "निजून जायाचं त्ये येकदाच. तवा मी कुनाला इचारनार बी न्हाई."

मला क्षणभर फार वाईट वाटलं. पण तो विभाग आपल्याकडे नाही हे मी वर सांगितलंच आहे.

म्हातारीने मग विचारलं, की लोकभावना म्हणजे माणसं किती. मी अभिमानाने आकडा सांगितला. एवढी माणसं या वाटेवर कधी येऊन गेली, असं त्यांनी भैरूला विचारलं. भैरूने नकारार्थी मान हलवली. आली नाहीत, मी खुलासा केला, त्यांनी जागेवरूनच शब्द दिला आहे.

"म्हंजी वस्तीच्या कामात शबूद टाकला त्यांनी."

मी हो म्हणालो.

"मंग भैरू, त्यांच्या पाळ्या लाव."

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही. भैरूने त्याच गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे नावं आणि मोबाईल नंबर मागितले. वस्तीची रीत आहे साहेब, म्हणाला, शब्द आहे त्याला खांदा आहे, आणि हे तुम्हीच छापलंय. मी त्याला बजावलं, की वाचकांची खासगी माहिती ही आमच्याकडे पवित्र ठेव असते. तेवढ्यात पिंकी ओट्याच्या टोकाला गेली, कारण रेंज तिथेच मिळते (ही वेगळी रेंज), आणि तिने आमच्याच संकेतस्थळाच्या तळाशी असलेला गोपनीयतेचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. तो मजकूर मीही प्रथमच ऐकत होतो. वाचकाची माहिती आमच्या 'विश्वासू सहकाऱ्यांना' देण्यात येईल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याप्रमाणे ती स्कूटरला कर्ज देणाऱ्यांना, विमा विकणाऱ्यांना आणि मुळशीत डोंगरउतारावर प्लॉट पाडणाऱ्यांना आधीच देऊन झाली आहे, ही गोष्ट दिशाने तिथेच, विनाकारण, सर्वांसमोर सांगितली.

तेव्हा कारवीदांडलाही विश्वासू सहकारी म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

गोजराबाईंनी निघताना मला एक गोष्ट स्पष्ट केली, आणि ती मी इथे जशीच्या तशी देतो, कारण संपादनाला जागाच नव्हती. "पाळी झाली, झोळी खाली ठिवली, की ज्याला तरी बी वाटंल रस्ता नको, त्यानं माज्या तोंडाव सांगावं. त्याचा शबूद आमी मानू."

मानपत्र त्यांनी ठेवून घेतलं. चौकट चांगली आहे, म्हणाल्या.

पाळ्या लावण्याचं काम दिशाने स्वतःहून अंगावर घेतलं आहे. इतक्या उत्साहाने तिने आमचं एकही काम केलेलं मला आठवत नाही. पहिला प्रतिसाद संमिश्र आहे. बहुतेकांनी राँग नंबर म्हणून फोन ठेवला. काही जण मीटिंगमध्ये होते आणि दुसऱ्या दिवशीही त्याच मीटिंगमध्ये होते. एकाने खांदा ऑनलाइन देता येईल का, अशी चौकशी केली. मुठा खोऱ्यातल्या एका बाईंनी आपल्या बदल्यात माळी पाठवायची तयारी दाखवली, पण पाळी बदलीवर चालत नाही असं भैरूने कळवलं आहे. माझं नाव पहिल्या चौघांत आहे. प्लास्टर काढायला येत्या मंगळवारी जायचं आहे आणि माझ्याखेरीज अजून तीन खांदे हवेत.

तुमच्या मनात आता काय चाललं असेल ते मी ओळखू शकतो. आपण तर सही केली नव्हती, असंच ना? मोहिमेच्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात, एक ओळ आहे: 'ही बातमी पुढे पाठवल्यास आपला शब्द गृहीत धरला जाईल'. ती मीच घातली होती, आकडा फुगावा म्हणून. आठवून बघा. मथळा बघून, हसरं तोंड लावून, 'बघा आपल्या मुळशीत काय चाललंय!' असं लिहून तुम्ही ती कुठल्या तरी ग्रुपवर टाकली होती. उघडली नव्हती, हे आमच्याकडे नोंदलेलं असतं.

तर सूचना अशा. मंगळवारी सकाळी इलाहीभाईंच्या ढाब्यावर जमायचं. गाडी कुठलीही चालेल. चार्जिंगची सोय नाही, रहिमतबी भाकरी देतील. चौघांचे खांदे एका पातळीत लागतात म्हणून आपली उंची आधी कळवावी. पुढे 'दगड' म्हणून ओरडायचं काम दिशाने घेतलेलं आहे, ते मागू नये. आणि गोजराबाईंचा एक निरोप आहे. झोळीत निजल्यावर आभाळाखेरीज काही दिसत नाही, आपल्याला कोण नेतंय तेही नाही, म्हणून प्रत्येकाने चालताना आपलं नाव सांगत राहायचं. त्यात अवघड काही नाही. चौकोनात म्हणा, ग्रुपवर म्हणा, आपण ते एकदा टाकलंच होतं, फक्त तेव्हा आपण बसलेलो होतो.